डेटा संपत आलाय

“आता कितीही बोला काका, संपणारच नाही,” असं म्हणत केबलवाला शिडीवरून उतरला, आणि बुकबाइंडरनं कसंनुसं हसत मान डोलावली.

डेटा संपत होता तेच बरं होतं. त्याची लेक परगावी शाळेत शिकवायची. दर रविवारी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तब्येत झाली, जेवणखाण झालं, हवापाणी झालं, की बुकबाइंडरचं घोडं पेंड खायचं. जन्मभर त्यानं पानाला पान जोडून पुस्तकं शिवली, पण बोलण्याला बोलणं जोडणं काही जमलं नाही. मग तो घाईघाईनं म्हणायचा, “डेटा संपत आलाय गं. ठेवतो.” महिन्याच्या पहिल्या आठवड्यातसुद्धा तो संपत आलेलाच असायचा.

शेवटी लेकीला दया आली. एकट्या माणसाला मर्यादेचाच प्लॅन बरा, असं त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं. काटकसरीचे गोडवे गायले, हाव वाईट म्हणाला. तिनं एका कानानं ऐकलं आणि परस्पर अमर्याद प्लॅन घेऊन टाकला.

आता पळवाट बुजली होती. बापाजवळ आपल्याशी बोलायला काही नाही, हे पोरीला कळणार. कळलं की ती दुखावणार, आणि रविवारचा फोन हळूहळू वाढदिवसावर जाणार. त्यानं आठवडाभर विषय जमवायचा प्रयत्न केला. दोन जमले. त्यातला एक दातदुखीचा होता.

रविवारी फोन आला. तब्येत झाली. हवापाणी झालं. दात तर भलताच लवकर संपला. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, “डेटा संपत आलाय गं.”

लेक हसली. “बाबा, आता तो संपत नाही.”

बुकबाइंडरचे कान लाल झाले. तो समोरच्या खळीच्या वाटीकडे बघत बसला. बऱ्याच वेळानं त्यानं चोरून पडद्याकडे पाहिलं. लेकही पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. अबोलपणात ती थेट बापावर गेली होती.

“बाबा,” ती खालमानेनं म्हणाली, “मला वह्या तपासायच्यात. तुम्ही तुमचं शिवा. पण फोन ठेवू नका.”

त्यानं फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवला आणि सुई ओवली. लहानपणी ती शाळा सुटली की दुकानात यायची, टेबलाच्या त्या बाजूला बसून अभ्यास करायची. दुकान बंद होईपर्यंत दोघं चकार शब्द बोलायचे नाहीत, आणि घरी जाताना दोघांनाही वाटायचं, काय मजेत गेला वेळ. आज पुन्हा टेबलाच्या त्या बाजूला वहीची पानं उलटत होती. मध्येच एका मुलाच्या उत्तराला ती खुदकन हसली. का ते त्यानं विचारलं नाही. तोही हसला.

पुढच्या रविवारी केबलवाला एक सैल तार ठोकायला आला. फोन गठ्ठ्याला टेकलेला, पडद्यावर एक बाई मान खाली घालून बसलेली, ना हालचाल ना आवाज. ठोकाठोक आटोपली तरी चित्र तसंच.

“काका, नेट अडकलं वाटतं,” असं म्हणून तो नेटचं यंत्र बंद करून पुन्हा लावायला वाकला.

“राहू दे, राहू दे,” बुकबाइंडर कुजबुजला. तेवढ्यात पडद्यावरच्या बाईनं पान उलटलं.

केबलवाला चक्रावला. “मग कुणी बोलत का नाही? एवढा अमर्याद प्लॅन कशाला घेतला तुम्ही?”

बुकबाइंडरनं दोऱ्यावरून मेणाचा खडा फिरवला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

“आधीच्या प्लॅनमध्ये,” तो म्हणाला, “गप्प बसणं परवडत नव्हतं.”