सकाळची जिलेबी

२०१९च्या मे महिन्यातली सकाळ. योगिनीच्या स्कूटीच्या डिकीत उज्वलाबाईंना गरम जिलेबीचा पुडा दिसला.

"ही कशाला गं?"

"काल हर्षलशी वाजलं. मिटेल आता."

नाशिक रोडच्या त्या दोन खोल्यांत वीस वर्षं हीच रीत होती. शेखररावांनी बायकोवर हात उचलला की दुसऱ्या सकाळी जिलेबी यायची. पुडा पुढे धरून ते विचारायचे, "मिटलं ना गं?" उज्वलाबाई मान हलवायच्या. फुटलेल्या ओठाला पाक झोंबायचा. छोटी योगिनी शेजारी बसून बोटं चाटायची.

उज्वलाबाईंनी लेकीचे दंड न्याहाळले. वळ नव्हता. पण मार कुठे दिसू द्यायचा नसतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

"काय बघतेस? मी तुझ्यासारखी नाहीये आई, मुकाट मार खाणारी."

दोन दिवसांनी उज्वलाबाईंनी, योगिनीचं ज्याच्याशी जमलं होतं त्या हर्षलला स्टेशनजवळच्या रसवंतीत गाठलं. ओझरहून ड्यूटी संपवून आला होता. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटणं लावलेली. त्यांनी त्याच्यापुढे मुद्दाम सोबत आणलेली जिलेबी ठेवली.

"खा की."

"नको काकू. वासानंही मळमळतं."

"मळमळणारच. माझी पोर माझ्यासारखं आयुष्य काढणार नाही. तिचा नाद सोड. पुन्हा इकडे दिसलास तर चौकीत उभा करीन."

हर्षलने मनगटाचं बटण चाचपलं.

"तुम्हीच सांगा तिला. माझं ती ऐकत नाही."

जाताना तो वाकून त्यांच्या पाया पडला.

"कोडगा मेला," उज्वलाबाई पुटपुटल्या.

हर्षल नोकरी बदलून नागपूरला गेला. अजून एकटाच आहे म्हणतात. शेखरराव पुढच्या वर्षी वारले. तेव्हापासून उज्वलाबाईंनी घरात जिलेबी येऊ दिली नाही. योगिनीसाठी त्यांनी स्थळ स्वतः पारखलं. दिनेश, शाळामास्तर, आवाज म्हणून चढवणार नाही असा. गंगापूर रोडला दोघांचा संसार थाटून दिला आणि लेक वाचली म्हणून देवापुढे साखर ठेवली.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी त्या न कळवता लेकीकडे गेल्या. दार जावयाने उघडलं. सासूबाईंना पाहताच त्याने घाईघाईने सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या.

त्या आत शिरतात तोच जिन्यावर चपला वाजल्या. आई दाराआड उभी आहे हे योगिनीला दिसलंच नाही. उंबऱ्याशी येऊन तिने हातातला गरम पुडा दिनेशपुढे धरला आणि हसून विचारलं, "मिटलं ना रे?"