पाचवा तबेला

पुरानी बस्तीतलं घर विकलं गेलं. मुलाच्या फ्लॅटमध्ये माझी सोय होती, घोडीची नव्हती. अठरा वर्षं नवरदेव वाहून तिनं मला पोसलं होतं. तिला जागा मिळेपर्यंत मी हलणार नव्हतो. घोड्याला नवी जागा पटली की तो तिथल्या मातीत लोळतो. रायपूरबाहेरच्या चार तबेल्यांत ती लोळली नाही. मी तिला परत आणलं. पाचव्या तबेल्याची मालकीण हसली. “काका, दोर इतका आखूड धरला तर लोळेल कशी? सोडा तिले.” “बिचकून जाईल.” “ती काहून बिचकते? तुम्हीच बिचकून राहिले.” मी दोर सोडला. घोडी माती हुंगून खाली बसली आणि चारी पाय वर करून लोळली. अंग झटकून ती पलीकडच्या घोड्यांत जाऊन उभी राहिली. “ठेवायची ना?” “हव,” म्हटलं. मग मुलाला फोन केला, “मले न्यायला ये.”