आंदण

दवंडी पिटणारा दारावरून पुढे गेला. कंपनी सरकारचा हुकूम, आजपासून कुणी कुणाचा गुलाम नाही! दळत बसलेल्या सगुणेनं जात्याचा खुंटा सोडला आणि ती उठली.

"अगं, निघालीस कुठं?" बाईसाहेब कळवळल्या. "मी का तुला कधी बटीक मानलं? आंदण म्हणून माझ्याबरोबर आलीस, तरी बहिणीसारखंच वागवलं ना तुला?"

बहिणीसारखं! सगुणेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घरात तिनं कधी मान वर केली नव्हती. आज केली.

"मग तुमच्या लेकीबरोबर माझी लेक आंदण का धाडलीत? बहिणीची पोर कुणी अशी देऊन टाकतं?"

बाईसाहेबांनी नजर जात्याकडे वळवली.

"उरलेलं तुमचं तुम्ही दळा," हातांचं पीठ झटकत सगुणा म्हणाली. "मी माझ्या लेकीला आणायला चालले."