एकुआमावशींचा निरोप

घानातल्या एल्मिना बंदरावर धुरी दिलेले मासे विकणाऱ्या एकुआमावशींना लेक अराबाने लग्नासाठी निवडलेला मासेमार क्वेकू डोळ्यांसमोर नको होता. शनिवारी मावशी चर्चमध्ये देवाचे निरोप सांगणाऱ्या संदेष्टा एबोकडे गेल्या. "उद्या उपासनेत सांगा, हे लग्न देवाला मान्य नाही. माझं ऐकत नाही ती, पण तुमचा शब्द मोडायची नाही."

एबोने मान डोलावली.

रविवारी भरल्या मंडळीत त्याने अराबाच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि अडखळत म्हणाला, "मुली, देव म्हणतो, हा मुलगा मीच तुला दिलाय." लोक 'आमेन' म्हणत नाचू लागले. अराबाला तर हसावं की रडावं कळेना.

मावशींनी एबोला मागच्या दाराशी गाठलं. "क्वेकूने काय चारलं रे तुला? हा संदेश देवाचा नाहीच! इतकी वर्षं तुझा एकेक शब्द मी खरा मानला!"

एबो दाराच्या पायरीवरच बसला.

"मावशी, ते सगळे शब्द आदल्या दिवशी कुणी ना कुणी येऊन सांगितलेले असायचे. आज बोललो, ते मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं."