रोजचे आठ

"धूर काढता का?" डॉक्टरांनी विचारलं.

भट्टीवाला उघड्या अंगाने स्टुलावर बसून दम खात होता. "काढतो की," तो म्हणाला.

"रोजचे किती?"

"आठ. काम अंगावर आलं की दहा-बारा."

दाराशी उभ्या असलेल्या मुकादमाला हसूच आलं. मांसाच्या कारखान्यात 'एक धूर' म्हणजे एक खेप. बंद खोलीत आकड्यांना मांस टांगायचं, खाली लाकडाचा भुसा धुमसत ठेवायचा आणि तांबूस रंग चढला की मांस उतरवायचं. रंग चढला की नाही हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे भट्टीवाल्याचा निम्मा दिवस त्या धुरातच जायचा. डॉक्टर बिचारे सिगारेटचं विचारत होते. मुकादम सांगायला पुढे झाला, आणि तेवढ्यात त्याला साहेब आठवले.

साहेबांनी सकाळीच त्याला बोलावून घेतलं होतं. आजार कामामुळे झाला असं डॉक्टरने लिहून दिलं, तर औषधपाणी कारखान्याच्या गळ्यात पडणार, वर तपासणीवाले येऊन धुराच्या खोलीला टाळं ठोकणार. "तू बरोबर जा," साहेब म्हणाले होते, "आणि डोकं ठिकाणावर ठेव." तेव्हापासून मुकादम काय थाप मारावी याच्याच विवंचनेत होता. इथे तर काम आयतंच होत होतं. त्याने उघडलेलं तोंड मिटलं.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिसरूड फुटलं तेव्हापासून. आमचे वडीलही काढायचे."

"ते आहेत?"

"गेले. खोकल्यानेच गेले."

डॉक्टरांनी मान हलवली. "घरी कोणी काही म्हणत नाही?"

"बायको म्हणते ना. पोरीला जवळ घ्यायचं तर आधी अंघोळ करून ये म्हणते. उशीला वास लागतो म्हणून कुरकुरते."

"मग सोडावंसं नाही वाटलं कधी?"

"खूपदा वाटलं. पण सोडून चालतंय थोडंच?"

"सगळे हेच म्हणतात," डॉक्टर म्हणाले.

इतक्या आपुलकीने भट्टीवाल्याची कोणी कधी चौकशी केली नव्हती. तो खुलला. "एरवी काही वाटत नाही हो डॉक्टर. पण भुसा ओला असला ना, की मग छातीत..."

"भुसा?"

भट्टीवाला सांगायला गेला. खोकल्याची उबळ आली आणि तो गुडघ्यांवर वाकला. मुकादमाने लगबगीने जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सख्ख्या भावाने फिरवावा तसा, अगदी मायेने.

"हलकी तंबाखू असते ना डॉक्टर," पाठीवर हात फिरवता फिरवता तो म्हणाला, "तिला भुसाच म्हणतात आमच्याकडे."

खोकल्यात भट्टीवाल्याला ते ऐकूच गेलं नाही. उबळ ओसरली तेव्हा मुकादमाने त्याच्या हातात सदरा दिला आणि त्याला पडद्याआड पाठवलं. डॉक्टरांनी आवाज खाली आणला.

"रिपोर्ट आलेत. फुप्फुसात गाठ आहे. कॅन्सर. कारखान्यात काय काम करतात हे?"

"मांस टांगायचं, उतरवायचं."

"त्याने काही हे होत नाही." डॉक्टरांनी कागदावर चार ओळी लिहिल्या, सही ठोकली आणि कागद मुकादमाकडे दिला. मुकादमाने तो घडी करून वरच्या खिशात ठेवला. त्याला लाज वाटली, नाही असं नाही. मग त्याला आठवलं की आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

भट्टीवाला बटणं लावत बाहेर आला. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन या, मग सविस्तर बोलू. आणि आजपासून धूर बंद. एकही काढायचा नाही. जगायचं असेल तर."

भट्टीवाला डॉक्टरांकडे बघतच राहिला. मग त्याने मुकादमाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्याला दम लागला, पण त्याची बडबड थांबेना. "देवमाणूस हो! किती वर्षं साहेबांच्या विनवण्या करतोय, मला धुरातून काढा, मला धुरातून काढा. यांनी एका वाक्यात काम केलं. आता मला कापायला बसवा, नाहीतर फरशी धुवायला लावा, कुठेही चालेल. पोरीला सांगतो आज, तुझा बाप आता वास मारणार नाही." तो थांबला. "तुम्ही बरोबर होतात म्हणून झालं, मुकादम. मला कुठे धड बोलता येतं?"

मुकादमाने सिगारेट पेटवली. भट्टीवाला दोन पावलं मागे सरला आणि त्याने रुमाल नाकाला लावला.

"तेवढं तिकडे तोंड करून ओढा. मला नाही सोसत तो वास."

मुकादमाने तोंड फिरवलं. रस्त्यापलीकडे एक पाव-अंड्याची गाडी होती, तिच्याकडे बघत तो म्हणाला, "उद्या वेळेवर ये. दहा धूर आहेत."

भट्टीवाला हसला. मुकादमाला थट्टेची सवय होती. "डॉक्टरांनी बंद सांगितलाय ना."

"सिगारेट बंद सांगितलीय."

"पण मी कुठे ओढतो?" भट्टीवाला रुमालाआडून म्हणाला. "जन्मात ओठाला लावली नाही."

"मग झालं तर," मुकादम म्हणाला.