द्राक्षांचा घड

"चाचा, साडेनऊ होत आले. कुठवर आलात?"

फोनवर तेजस्विनी होती. गिरणाऱ्याच्या थांब्यावरून बोलत होती.

नियाज ड्रायव्हर स्टीअरिंग धरून बसला होता, पण गाडी सोमेश्वरपुढच्या मोकळ्या मैदानात उभी होती. पुढे बस, मागे बस, दोन्ही अंगांना बस. गोदा सिटी बस कंपनीचा ताफा आज तीनशेवर गेला होता. सगळ्या गाड्या लावून द्राक्षांचा एक मोठा घड बनवायचा आणि ड्रोनने वरून त्याचा फोटो घ्यायचा, असं साहेबलोकांनी ठरवलं होतं. नियाजची गाडी घडाच्या पोटात आली होती.

"येतो बेटा. जरा अडकलोय."

"ॲपवर तर गाडी वेळेवर आहे असं दाखवतंय."

बारावीचा फिजिक्सचा पेपर. साडेदहाला शहरातल्या केंद्राचं फाटक बंद होणार. बाप मोटारसायकल घेऊन निफाडला द्राक्षतोडणीला गेलेला. काल ती शेजारच्यांची रिक्षा सांगून ठेवणार होती, तर नियाजनेच तिला अडवलं. "सव्वानऊची गाडी माझी आहे ना? पाचवीपासून नेतोय तुला. कधी शाळा चुकली का?"

पहाटे डेपोत हुकूम आला, तेव्हा सुपरवायझर संतोष म्हणाला होता, "आठला मोकळे करतो सगळ्यांना." म्हणून नियाजने तिला काही कळवलं नाही. पण प्रमुख पाहुणे अजून यायचे होते.

तो खाली उतरला. गाड्यांच्या फटींतून अंग चोरत संतोषपाशी गेला.

"साहेब, माझी एवढी एक काढू द्या. पोरीचा पेपर हुकतोय."

"एक काढायची तर मागच्या सगळ्या हलवाव्या लागतील. घड फुटेल, भाई." संतोष घाम पुसत म्हणाला. "आणि एवढ्या गाड्या आहेत आपल्या. दुसरी जाईल की एखादी."

"कोणती?"

संतोषने मैदानावर नजर फिरवली. मग घड्याळात पाहिलं. "जागेवर जाऊन बसा."

शेजारच्या गाडीतून मुस्तकीमने मान बाहेर काढली. "नियाजभाई, दहा गाड्या होत्या तेव्हाच बरं होतं. बंद पडली तर ढकलायला पॅसेंजर तरी असायचे."

नियाज हसला नाही. त्याने फोन लावला.

"बेटा, दिसेल त्या गाडीला हात कर. टेम्पो असो, काही असो. माझी येत नाही."

पलीकडे एक ट्रॅक्टर धडधडत गेला.

"मग हे मघाशी सांगायचं ना, चाचा," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. फोन बंद झाला.

स्पीकर खरखरला. "ड्रायव्हर बंधूंनो, पाहुणे आलेत. कॅमेरा वर गेलाय. आता सगळ्यांनी एकदम दरवाजे उघडा."

नियाजने बटण दाबलं. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करत सगळ्या बसचे दरवाजे एकाच वेळी उघडले. त्याने सवयीने आरशात पाहिलं. पायरीजवळ कुणीच नव्हतं.