तुळसाचं उत्तर

प्राण्यांचं म्हणणं कायद्यानं ऐकलंच पाहिजे, म्हणून अभिनेत्री ईशानी सबनीस वर्षानुवर्षं झगडली होती. आज तिनंच सर्कशीतून सोडवलेल्या तुळसा हत्तिणीच्या कपाळावर नवं भाषायंत्र बसवलं होतं. बाहेर कॅमेरे ताटकळत होते.

"तुळसा, काय हवंय तुला?" ईशानीनं विचारलं.

"पाय फार दुखतात. मला मरू द्या," यंत्रातून आवाज आला.

तिनं पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

तुळसावर उपचार करणारे डॉक्टर उकिडवे हळूच म्हणाले, "मॅडम, आता तिचं ऐकायला हवं."

"आणि बाहेर काय सांगू? मी वाचवलेली हत्तीण मरण मागते म्हणून?"

तिनं यंत्र काढून घेतलं. बाहेर येऊन ती हसत म्हणाली, "तुळसा सुखी आहे!"

टाळ्या वाजल्या. आत तुळसा सोंडेनं रिकामं कपाळ चाचपत राहिली.